जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हर

जेबॉस ॲप्लिकेशन सर्व्हर : जावा भाषेत लिहिलेला एक मुक्त-स्रोत ॲप्लिकेशन सर्व्हर. १९९९ मध्ये ‘ईजेबॉस’ या नावाने त्याच्या निर्मितीस प्रारंभ झाला. २००६ मध्ये तो रेड हॅट या अमेरिकन कंपनीच्या मालकीखाली आला आणि २०१४ पासून त्याची सर्वांना खुली असलेली आवृत्ती ‘वाइल्डफ्लाय’ या नावाने प्रसिद्ध होऊ लागली. विनामूल्य मिळणारी आणि मूळ संहिता (सोर्स कोड) खुली असलेली आज्ञावली मोठ्या व्यापारी संस्थांच्या दैनंदिन व्यवहारात विश्वासाने वापरता येते, हे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या प्रकल्पांत जेबॉसची गणना होते. त्याच्या इतिहासात दोन प्रश्न वारंवार पुढे आले : परवाना कोणता असावा आणि दूरच्या संगणकावरील क्लायंट आज्ञावलीने सर्व्हरशी संपर्क कसा साधावा. पहिला प्रश्न कायद्याचा व दुसरा तंत्राचा असला, तरी क्लायंटच्या संगणकावर जाणाऱ्या एका लहानशा लायब्ररी फाईलमध्ये हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात.

पार्श्वभूमी : बँक, विमा कंपनी, आरक्षण कार्यालय यांसारख्या ठिकाणी एकाच माहितीसाठ्यावर अनेक माणसे एकाच वेळी काम करतात. अशा प्रणालीचे सामान्यतः तीन स्तर कल्पिले जातात. वापरणाऱ्याच्या समोरचा पडदा हा पहिला, व्यवहाराचे नियम अंमलात आणणारा मधला आणि माहितीसाठ्याचा (डेटाबेसचा) तिसरा. मधल्या स्तरावर काही गरजा सर्वत्र सारख्याच असतात. एक व्यवहार पूर्ण व्हावा किंवा मुळीच होऊ नये, अर्धवट राहू नये. माहितीसाठ्याशी असलेल्या जोडण्या काटकसरीने वापरल्या जाव्यात. कोणास काय करण्याची मुभा आहे हे तपासले जावे. ही सर्व कामे तयार स्वरूपात पुरविणाऱ्या आज्ञावलीस ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९८ मध्ये ‘एंटरप्राइझ जावाबीन्स’ (संक्षेपाने ईजेबी) हे विनिर्देश प्रसिद्ध केले. डिसेंबर १९९९ मध्ये ते ‘जे२ईई’ या व्यापक विनिर्देशसंचाचा भाग झाले. विनिर्देश सर्वांना वाचता येत असत. पण त्यांनुसार चालणारे सर्व्हर बीईए कंपनीचा वेबलॉजिक, आयबीएम कंपनीचा वेबस्फिअर यांसारख्या उत्पादनांच्या रूपाने विकत घ्यावे लागत. त्यांची किंमत प्रोसेसरच्या संख्येवर आकारली जाई व ती प्रत्येक प्रोसेसरमागे हजारो डॉलर इतकी असे. नियम सर्वांचे आणि त्यांची अंमलबजावणी मात्र मोजक्यांच्या हाती, अशी ही स्थिती होती.

उदय : फ्रान्समध्ये शिक्षण झालेले व पूर्वी सन कंपनीत काम केलेले मार्क फ्लरी यांनी १९९९ मध्ये ईजेबॉस हा प्रकल्प सुरू केला. ‘ईजेबी’ हे सन कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने नावातील पहिले अक्षर वगळावे लागले आणि ‘जेबॉस’ हे नाव रूढ झाले. २००० च्या सुमारास स्वीडिश प्रोग्रॅमर रिकार्ड ओबर्ग प्रकल्पात आले. २.० या आवृत्तीची रचना मुख्यतः त्यांच्या कल्पनांवर आधारलेली होती. सर्व्हरचे निरनिराळे भाग सुटे ठेवून ते जेएमएक्स या व्यवस्थापनपद्धतीने एकत्र जोडण्यात आले. त्यामुळे एखादा भाग काढून त्याच्या जागी दुसरा बसविणे सोपे झाले. २००१ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे ‘जेबॉस ग्रुप’ या कंपनीची स्थापना झाली. आज्ञावली विनामूल्य द्यावयाची आणि प्रशिक्षण, सल्ला, साहाय्य व सविस्तर माहितीपुस्तिका यांसाठी मोबदला घ्यावयाचा, असे तिचे धोरण होते. या पद्धतीस तिने ‘व्यावसायिक मुक्त-स्रोत’ असे नाव दिले.

परवाना : मुक्त-स्रोत याचा अर्थ मालक नसलेली आज्ञावली असा नव्हे. तिच्या लेखकांचा प्रताधिकार कायम असतो आणि वापरणाऱ्यास जी मोकळीक मिळते, ती परवान्यातील अटींवर मिळते. जेबॉसच्या आरंभीच्या काळातील संहितेच्या फाइलींच्या शिरोभागी जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) या परवान्याचा उल्लेख आढळतो. या परवान्यानुसार मूळ आज्ञावलीवर आधारलेली नवी आज्ञावली वितरित करावयाची झाल्यास तीही त्याच परवान्याखाली व मूळ संहितेसह द्यावी लागते. ॲप्लिकेशन सर्व्हरच्या बाबतीत ही अट अडचणीची होती. सर्व्हरवर चालणारी उपयोजने ग्राहकांची स्वतःची असतात आणि ती उघड करावी लागतील या भीतीने व्यापारी संस्था दूर राहिल्या असत्या. त्यामुळे प्रकल्पाने पुढे एलजीपीएल (लेसर जनरल पब्लिक लायसन्स) हा सौम्य परवाना स्वीकारला.

एलजीपीएलची २.१ ही आवृत्ती फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने १९९९ मध्ये प्रसिद्ध केली होती. तिचे मर्म थोडक्यात असे : लायब्ररीत बदल करून ती वितरित करणाऱ्याने ते बदल खुले केले पाहिजेत, मात्र लायब्ररीचा केवळ वापर करणारी आज्ञावली कोणत्याही परवान्याखाली राहू शकते. यास एक महत्त्वाची अट जोडलेली आहे. आज्ञावली मिळालेल्या माणसास त्यातील लायब्ररी काढून तिच्या जागी स्वतः सुधारलेली प्रत बसविता आली पाहिजे. तसेच असा बदल केल्यावर उद्भवणारे दोष शोधण्यासाठी आज्ञावलीचे पृथक्करण करण्यास मनाई करता येत नाही. हा परवाना सी भाषेची रीत डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असल्याने जावाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय, याविषयी २००३ च्या सुमारास बरीच चर्चा झाली. जावामधील आज्ञावली लायब्ररीतील वर्गांचा निर्देश करते व त्यांच्यापासून नवे वर्गही निर्माण करते. एवढ्याने ती लायब्ररीच्या परवान्याखाली येते काय, असा प्रश्न होता. २००४ मध्ये फाउंडेशनच्या वतीने असा खुलासा करण्यात आला, की एलजीपीएल हा परवाना जावालाही अपेक्षेप्रमाणेच लागू पडतो आणि लायब्ररी वेगळ्या जार फाईलमध्ये (संकलित वर्गांच्या गठ्ठ्यात) ठेवून वापरल्यास उपयोजनाची संहिता उघड करावी लागत नाही.

दूरस्थ क्लायंटची रचना : ईजेबीच्या आरंभीच्या सर्व्हरांत प्रत्येक घटकासाठी क्लायंटच्या बाजूचा एक प्रतिनिधी वर्ग आधी तयार करून, संकलित करून, प्रत्येक क्लायंट संगणकावर पोचवावा लागे. घटकात बदल झाला की हे सर्व पुन्हा करणे भाग पडे. जावाच्या १.३ या आवृत्तीत (२०००) ‘डायनॅमिक प्रॉक्सी’ ही सोय आली. तिच्या योगे असा प्रतिनिधी आज्ञावली चालू असतानाच स्मृतीत तयार करता येतो. जेबॉसने या सोयीचा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्यामुळे घटक सर्व्हरच्या ठराविक निर्देशिकेत ठेवला की तो ताबडतोब उपलब्ध होई आणि क्लायंटसाठी वेगळे संकलन करावे लागत नसे.

क्लायंटला घटकाचा ठावठिकाणा कळावा यासाठी जेएनडीआय ही नामसूची वापरली जाते. टपाल कार्यालयातील नोंदवहीप्रमाणे तिचे कार्य चालते : नाव दिले असता ती त्या नावाखाली नोंदलेली वस्तू परत देते. जेबॉसच्या ३ व ४ या आवृत्त्यांत क्लायंटजवळ एक छोटी गुणधर्म-फाईल ठेवावी लागे. तिच्यात तीन ओळी असत. पहिलीत नामसूची उघडणाऱ्या वर्गाचे नाव, दुसरीत सर्व्हरचा पत्ता व पोर्ट क्रमांक आणि तिसरीत साहाय्यक वर्ग कोणत्या पॅकेजांत शोधावेत याचा निर्देश असे. नामसूचीचा नेहमीचा पोर्ट १०९९ हा होता. तेथून मिळालेला प्रतिनिधी प्रत्यक्ष कामासाठी दुसऱ्याच पोर्टाशी, ४ या आवृत्तीत सामान्यतः ४४४४ शी, संपर्क साधी; याखेरीज १०९८ हा पोर्टही लागे. यांशिवाय सर्व्हरच्या ‘क्लायंट’ या निर्देशिकेतील ‘जेबॉसऑल-क्लायंट’ ही जार फाईल क्लायंटच्या संगणकावर असणे आवश्यक होते. कारण प्रतिनिधी ज्या वर्गांच्या साहाय्याने चालतो, ते तिच्यात असत.

अडचणी : ही रचना एकाच संगणकावर सहज चाले, सर्व्हर व क्लायंट वेगळे होताच काही अडचणी पुढे येत. त्यांपैकी सर्वांत फसवी अडचण पत्त्याची होती. नामसूचीतून येणाऱ्या प्रतिनिधीत सर्व्हरचा पत्ता नोंदलेला असतो. सर्व्हरच्या संगणकाने आपले नाव १२७.०.०.१ या स्वनिर्देशक पत्त्याशी जोडलेले असेल, तर हाच पत्ता प्रतिनिधीबरोबर क्लायंटकडे जाई. मग नामसूचीशी पहिला संपर्क व्यवस्थित होऊनही पुढची विनंती क्लायंट स्वतःच्याच संगणकाकडे पाठवी आणि ती फेटाळली जाई. यावर उपाय म्हणून सर्व्हर सुरू करताना त्याने बाहेर सांगावयाचा पत्ता स्पष्टपणे द्यावा लागे. अग्निभिंत (फायरवॉल) मध्ये असल्यास तिन्ही पोर्ट उघडणे आवश्यक होते. केवळ नामसूचीचा पोर्ट उघडून भागत नसे.

दुसरी अडचण आवृत्तीची होती. प्रतिनिधी हा बाइटांच्या ओळीत रूपांतरित होऊन (या क्रियेस सिरियलायझेशन म्हणतात) क्लायंटकडे येतो आणि तेथे त्याची पुनर्रचना होते. दोन्ही बाजूंचे वर्ग जुळले नाहीत, तर ही पुनर्रचना अयशस्वी होते. त्यामुळे सर्व्हरची आवृत्ती बदलली की क्लायंटकडील जार फाइलीही बदलाव्या लागत. ५ या आवृत्तीपासून (२००८) तर ‘जेबॉसऑल-क्लायंट’ या फाईलमध्ये प्रत्यक्ष वर्ग राहिले नाहीत. शेजारच्या इतर जार फाइलींची केवळ यादी तिच्यात राहिली. परिणामी, पूर्वीच्या सवयीने तेवढीच एक फाईल नक्कल करून नेणाऱ्यास ‘वर्ग सापडत नाही’ अशी सूचना मिळे.

परवाना व क्लायंट यांचा संबंध : जीपीएल व एलजीपीएल या परवान्यांतील प्रमुख बंधने वितरणाच्या वेळी लागू होतात. एखाद्या संस्थेने जेबॉस आपल्या आवारातील सर्व्हरवर चालविला, त्यात हवे ते बदल केले आणि ते कोणासही दिले नाहीत, तर ते बदल उघड करण्याचे बंधन तिच्यावर येत नाही. क्लायंटची गोष्ट वेगळी आहे. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या ग्राहकांना डेस्कटॉपवर चालणारी आज्ञावली दिली आणि ती जेबॉसशी संपर्क साधणारी असली, तर त्या आज्ञावलीसोबत जेबॉसच्या जार फाइलीही ग्राहकाच्या हाती जातात. हे वितरणच होय. सर्व्हर कधीही आवाराबाहेर न गेला, तरी क्लायंटच्या मार्गाने परवान्याचे कर्तव्य उत्पन्न होते. अशा वेळी परवान्याची प्रत व प्रताधिकाराची सूचना सोबत देणे, लायब्ररीची मूळ संहिता उपलब्ध करून देणे आणि जार फाइली वेगळ्या व बदलता येण्याजोग्या ठेवणे आवश्यक ठरते. आवृत्ती जुळविण्यासाठी जार फाइली वेगळ्या ठेवणे हा तांत्रिक शहाणपणा होता. परवान्याची पूर्तताही त्याच रीतीने होत असे. उलट, सोयीसाठी सर्व वर्ग एकाच मोठ्या फाईलमध्ये मिसळणारा दोन्ही बाजूंनी अडचणीत येण्याचा संभव असे.

व्यापारचिन्ह, प्रमाणन व स्पर्धा : परवाना संहितेपुरता असतो, नावाचा अधिकार व्यापारचिन्हाने राखला जातो. ‘जेबॉस’ या नावाबाबत कंपनी दक्ष होती. तिला स्वतःलाही दुसऱ्याच्या नावाचा प्रश्न सोडवावा लागला. सन कंपनीची सुसंगतता चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणत्याही सर्व्हरला जे२ईई हे नाव अधिकृतपणे लावता येत नसे आणि चाचणीसंच मिळविण्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागे. बऱ्याच वादानंतर २००३ च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांत करार झाला आणि २००४ मध्ये जेबॉसच्या ४.० या आवृत्तीस जे२ईई १.४ चे प्रमाणन मिळाले. त्याच वर्षी कंपनीने खासगी गुंतवणूकदारांकडून १ कोटी डॉलर भांडवल उभारले.

२००३ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘जेरोनिमो’ हा सर्व्हर तयार करण्याचे काम सुरू केले. त्यात जेबॉसवर पूर्वी काम केलेले काही प्रोग्रॅमर सामील होते. आपल्या संहितेशी जेरोनिमोच्या काही भागांचे साम्य असल्याची तक्रार जेबॉस ग्रुपने वकिलामार्फत केली. अपाची परवाना एलजीपीएलपेक्षा बराच मोकळा असून त्याखालील संहिता बंदिस्त उत्पादनातही मिसळता येते. त्यामुळे एलजीपीएलखालील संहिता प्रताधिकारधारकांच्या संमतीवाचून अपाची परवान्याखाली देता येत नाही. दोन्ही आज्ञावल्या मुक्त असल्या, तरी त्यांच्यातील सीमारेषा पुसली जात नाही, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

सन कंपनीने २००५ मध्ये आपला सर्व्हर ‘ग्लासफिश’ या नावाने खुला केला. त्याचा सीडीडीएल हा परवाना फाईलनिहाय लागू होतो : मूळ फाइलींतील बदल खुले करावे लागतात, नव्या वेगळ्या फाइली मात्र आपल्या अटींवर ठेवता येतात. पुढे त्यास जीपीएलचा पर्यायही जोडण्यात आला व त्यात ‘क्लासपाथ अपवाद’ म्हणून ओळखली जाणारी सवलत ठेवण्यात आली. तिच्यामुळे लायब्ररीशी जोडल्या गेलेल्या स्वतंत्र आज्ञावलीवर जीपीएलची सक्ती होत नाही. शब्दरचना भिन्न असली, तरी क्लायंट लिहिणाऱ्यास अभय देण्याचा हेतू एलजीपीएलसारखाच आहे. ग्लासफिशचा क्लायंट सामान्यतः ३७०० या पोर्टाशी संपर्क साधी आणि ३ या आवृत्तीतील (२००९) त्याची ‘जीएफ-क्लायंट’ ही जार फाईलही इतर फाइलींची यादी करणारीच होती.

सुरक्षितता : प्रारंभीच्या जेबॉसमध्ये नवख्यास सुलभ व्हावे म्हणून व्यवस्थापनाची पाने परवलीच्या शब्दाशिवाय उघडत आणि सर्व्हर सर्व जाळ्यांवर संपर्क स्वीकारी. ४.२ या आवृत्तीपासून (२००७) सर्व्हर आपोआप फक्त स्वतःच्याच संगणकापुरता ऐकू लागला. दूरस्थ क्लायंटसाठी तो मुद्दाम खुला करावा लागे. अनेकांना हा दोष वाटला. वस्तुतः ती सावधगिरी होती. २०१० मध्ये रेड हॅटच्या व्यापारी आवृत्तीतही एक उणीव उघड झाली. व्यवस्थापन पानांवरील ओळखतपासणी केवळ ‘गेट’ व ‘पोस्ट’ या दोन प्रकारच्या विनंत्यांना लागू होती. अन्य प्रकारची विनंती तपासणीवाचून आत जाई.

याहून मूलगामी धोका सिरियलायझेशनमध्ये होता. अग्निभिंतीपलीकडील क्लायंटना एचटीटीपीमार्गे बोलता यावे यासाठी जेबॉसमध्ये बाइटांच्या ओळी स्वीकारून त्यांपासून वस्तूंची पुनर्रचना करणारा भाग होता. पाठविणारा कोण, हे कळण्यापूर्वीच ही पुनर्रचना होई. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका अपाची लायब्ररीतील वर्गांची विशिष्ट गुंफण करून अशा ठिकाणी हवी ती आज्ञा चालविता येते, हे २०१५ मध्ये जाहीरपणे दाखविण्यात आले. त्यात वेबलॉजिक व वेबस्फिअर हे सर्व्हरही सापडले. २०१६ मध्ये ‘सॅमसॅम’ या खंडणीखोर आज्ञावलीच्या चालकांनी जुन्या, दुरुस्त न केलेल्या जेबॉस सर्व्हरांतून शिरकाव करून अमेरिकेतील रुग्णालयांसह अनेक संस्थांच्या फाइली कुलूपबंद केल्या. या जुन्या दोषांवर दुरुस्त्या उपलब्ध होत्या. पण विनामूल्य आज्ञावली एकदा बसविल्यावर तिची देखभाल कोणी करावयाची, हे अनेक ठिकाणी ठरलेलेच नव्हते. एलजीपीएलमध्ये ‘कोणतीही हमी नाही’ असे स्पष्ट कलम आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ या घटनांनी पटवून दिला.

उत्तरकाल : एप्रिल २००६ मध्ये रेड हॅटने जेबॉस कंपनी किमान ३५ कोटी डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले व जूनमध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्यानंतर सर्वांना खुली असलेली आवृत्ती आणि दीर्घकाळ दुरुस्त्या पुरविली जाणारी, वर्गणी भरून घ्यावयाची व्यापारी आवृत्ती असे दोन प्रवाह वेगळे झाले. वर्गणी देणाऱ्यास संहितेचा अधिक हक्क मिळत नसे. मिळे ती दुरुस्त्यांची व साहाय्याची शाश्वती. २०११ मधील ७ या आवृत्तीत सर्व्हरची अंतर्रचना नव्याने करण्यात आली. जुनी नामसूची व तिचे पोर्ट गेले. क्लायंटसाठी ४४४७ हा एक पोर्ट आला आणि ७.१ या आवृत्तीपासून (२०१२) दूरस्थ क्लायंटला नोंदणी केलेले नाव व परवलीचा शब्द देणे नेहमीच्या मांडणीत आवश्यक झाले. दोन प्रवाहांच्या नावांत गोंधळ होऊ नये म्हणून २०१३ मध्ये खुल्या आवृत्तीचे नाव ‘वाइल्डफ्लाय’ असे ठरले. वाइल्डफ्लाय ८ (२०१४) मध्ये क्लायंटचा संपर्कही वेबच्याच ८०८० या पोर्टावरून होऊ लागला : आधी साध्या एचटीटीपी विनंतीने जोडणी करून नंतर तिचे रूपांतर क्लायंटच्या संवादपद्धतीत केले जाते. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. ज्या कंपनीच्या महागड्या सर्व्हरला पर्याय म्हणून जेबॉस उभा राहिला, तिच्याच छत्राखाली तो अशा रीतीने आला. ओरॅकलने सन कंपनी घेतल्यानंतर (२०१०) जावाचे हे विनिर्देशही २०१७ पासून एक्लिप्स फाउंडेशनकडे सुपूर्द होऊ लागले. २०१८ मध्ये त्यांस ‘जकार्ता ईई’ हे नाव मिळाले, कारण संहिता व विनिर्देश दिले गेले, तरी ‘जावा’ हे व्यापारचिन्ह ओरॅकलने स्वतःकडे राखले.

महत्त्व : जेबॉसमुळे ॲप्लिकेशन सर्व्हर ही मोजक्या कंपन्यांची मिरास राहिली नाही आणि लहान संस्थांनाही त्या दर्जाची आज्ञावली हाताळता आली. परवान्याने दिलेली मोकळीक त्याच्या प्रसारास कारणीभूत झाली. मात्र आज्ञावली वापरण्याचा हक्क व ती सांभाळण्याची जबाबदारी या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली परवान्याने मिळते, दुसरी वापरणाऱ्याने स्वतः उचलावी लागते. क्लायंटच्या हाती कोणत्या फाइली, कोणत्या अटींवर दिल्या आणि त्याच्यासाठी सर्व्हरचे कोणते दार उघडे ठेवले, यांची नोंद ठेवणे हा त्या जबाबदारीचा प्राथमिक भाग होय.